गाठ मारलेली पुस्तकं

नववीच्या वर्गातल्या कपाटात सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पुस्तक कुक्कुटपालनाचं होतं, आणि नंदिनी ठेंगरीच्या मनाला ही गोष्ट लागून राहिली होती.

कोंबड्यांशी तिचं काही वाकडं नव्हतं. पण त्याच कपाटात भर समुद्रात तराफ्यावर अडकलेल्या दोन भावांची कादंबरी होती, भुतांच्या गोष्टी होत्या, हिमालयात वाट चुकलेल्या टपालवाल्याचं पुस्तक होतं, आणि त्यांना कुणी बोटही लावत नव्हतं. पोरं येत, कपाटासमोर उभी राहत, या पुस्तकांकडे बघत, आणि हात घालून 'आपली ग्रामपंचायत: शंका आणि समाधान' काढून नेत. दोन दिवसांत परत आणून ठेवत. वाचनाबद्दल त्यांचं काय मत होत असेल, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

ही माध्यमिक शाळा कुरखेड्याच्या पुढे, भाताच्या बांध्या संपून सागाचं जंगल सुरू होतं तिथे होती. कपाट मुळात प्रयोगशाळेच्या साहित्यासाठी आलेलं. साहित्य काही आलं नाही, म्हणून ते मराठीच्या बाईंना, म्हणजे नंदिनीला मिळालं. पुस्तकं तिनेच जमवली. ब्रह्मपुरीला माहेरी गेली की ओळखीच्या प्राध्यापकांच्या, मैत्रिणींच्या घरी जायची आणि तांदळाच्या रिकाम्या कट्ट्यात पुस्तकं भरून बसने घेऊन यायची. कंडक्टर कट्टा उचलून बघायचा आणि विचारायचा, "काऊन बाई, तिकडं तांदूळ नाई पिकत का?"

तिचं स्वतःचं वाचन पुड्यांवर झालं होतं. ब्रह्मपुरीच्या बस स्टँडसमोर वडिलांचं चिवड्या-भज्यांचं दुकान होतं. रद्दीचे कागद फाडून पुडे करायचं काम हिचं. रविवारच्या पुरवणीतली गोष्ट हाती लागली की ही पुडा करायचं विसरून वाचत बसे, आणि ऐन मोक्याला कागद संपे. पुढचा तुकडा गिऱ्हाइकाबरोबर आरमोरीच्या गाडीत बसून गेलेला असे. अर्ध्यावर तुटलेल्या किती गोष्टी तिच्या डोक्यात अजून लोंबकळत होत्या. या पोरांना पूर्ण गोष्ट मिळावी, एवढंच तिला हवं होतं.

आणि ती सक्तीने मिळू नये, हेही. कपाट उघडलं त्या दिवशीच तिने ठरवलं होतं: हे वाच, ते वाच, असं कुणाला म्हणायचं नाही. सारांश लिहून आणा, तात्पर्य सांगा, हेही नाही. वेळापत्रकात शनिवारचा शेवटचा तास 'अवांतर वाचन' असा तिने भांडून मिळवला होता. त्या तासाला कपाट उघडायचं आणि आपण खिडकीशी जाऊन बसायचं.

फक्त एक छोटीशी खूण तिने केली होती. तालुक्याच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं की परिसरातलं साहित्य वापरा, म्हणजे मुलांना शाळा आपली वाटते. जंगलाच्या वाटेवर तिला गवताच्या गाठी दिसायच्या. कुठे झाडाच्या बुंध्याला, कुठे सरपणाच्या ढिगावर, लांब गवताची नेटकी गाठ आणि वर शेंडीसारखा तुरा. इकडची काही सजावट असेल असं तिला वाटलं, आणि ती आवडली. हापशीजवळचं लांब गवत उपटून तिने कपाटातल्या उत्तमोत्तम पुस्तकांना एकेक वेढा दिला आणि तशीच गाठ मारली. गाठ दिसली की पोरं आपणहून त्या पुस्तकाकडे वळतील, असा तिचा हिशोब.

हे ऑगस्टमध्ये. आता फेब्रुवारी उजाडला होता. गवत वाळून पिवळं पडलं, तुरे झडले, गाठी मात्र जशाच्या तशा होत्या.

"कसं वाटलं रे?" त्या शनिवारी तिने लच्छूला विचारलं. लच्छू मडावी म्हणजे वर्गाचं तोंड. तो ग्रामपंचायत परत ठेवत होता.

"शंकाच नव्हती बाई," लच्छू म्हणाला. "समाधान कायचं होईल."

मागे पोरं खिदळली. सुरज पोरेटी तेवढ्यात कुक्कुटपालन काखोटीला मारून जागेवर गेला.

"पुन्हा तेच, सुरज?"

"यात कोंबडीले सर्दी झाली तर काय करायचं ते लिहून हाय, बाई. आमच्या घरची लाल कोंबडी बरी झाली."

पहिल्या बाकावरची दिव्या हलामी कपाटासमोर अजून उभी होती. ही मुलगी वर्गात सगळ्यात चांगलं वाचायची, आणि समुद्राच्या पुस्तकाच्या कण्यावरून तिची नजर हलत नव्हती. आता घेईल, मग घेईल, म्हणून नंदिनी बघत राहिली.

"बाई," दिव्याने विचारलं, "हे गाठीवाले सगळे तुम्ही वाचता?"

"सगळी," नंदिनी अभिमानाने म्हणाली. "काही तर पुन्हा पुन्हा वाचते. इतकी आवडतात मला."

दिव्याने समजल्यासारखी मान हलवली आणि 'सुंदर हस्ताक्षराचे फायदे' घेऊन जागेवर जाऊन बसली.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक दोनाडकर सरांनी तिला कार्यालयात बोलावलं. सर गणिताचे. माणूस वाईट नव्हता. शाळेच्या निकालाची काळजी त्यांना झोपेतही असावी, असं त्यांच्या डोळ्यांकडे बघून वाटे.

"बाई, तो शनिवारचा तास मले द्या," ते म्हणाले. "हीच नववी पुढल्या वर्षी दहावीले बसणार. बीजगणितात अर्धी पोरं कच्ची हायत. अन् तुमच्या तासाले मी दोनदा खिडकीतून पाहिलं. एक पोरगं कोंबड्यांचं वाचून राह्यलं होतं, बाकीचे छताकडं पाहून राह्यले होते."

"वेळ लागतो सर."

"ऑगस्टपासून लागूनच राह्यला ना." त्यांनी पेनचं टोपण लावलं. "असं करू. होळी झाली की एका शनिवारी मी न सांगता येतो. पोरं आपल्या मनानं, आवडीनं वाचताना दिसली, तर तास तुमचा. नाही दिसली, तर त्या तासाले बीजगणित. अन् पोरांना पढवून ठेवू नका. मले समजते."

पढवून ठेवायचंच असतं तर सहा महिने खिडकीशी कशाला बसले असते, असं तिच्या तोंडावर आलं होतं. ते गिळून ती "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार. दिव्याच्या आजीने, रुखमाबाईने, बाईंना जेवायला बोलावलं होतं. दिव्या शाळेपर्यंत घ्यायला आली आणि दोघी जंगलातल्या पायवाटेने निघाल्या. पळस फुलला होता. नंदिनीचं लक्ष त्यात नव्हतं. तिच्या डोक्यात बीजगणित फिरत होतं. वाटेत एका धावड्याच्या झाडाला टेकून एक काठी उभी होती. सरळ, सोललेली, हाताला गुळगुळीत. वर्गाच्या छताला जाळी फार झाली आहेत, ही बरी आहे, असं म्हणत तिने ती उचलली.

"बाई," दिव्या थांबली. "ठेवा ते जागेवर."

"काऊन? पडलेलीच तर आहे."

"पडलेली नाई, ठेवलेली हाय. कुऱ्हाडीचा दांडा हाय तो, वाळत ठेवला कोणीतरी. गाठ नाई दिसली का तुमाले?"

काठीच्या वरच्या टोकाला गवताची गाठ होती. नेटकी, तुरा काढलेली.

"गाठ म्हणजे?" नंदिनीने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कपाट आठवलं.

"गाठ म्हणजे राखलेलं. झाडाले मोहोळ दिसलं, सरपण तोडून ठेवलं, की गाठ मारायची. मग त्याले कोणी हात नाई लावत. ज्यानं मारली त्यानंच सोडायची."

"कोणीच हात लावत नाही?"

दिव्याने प्रामाणिकपणे विचार केला. "माकडं लावते."

नंदिनीने काठी जिथल्या तिथे ठेवली, बाजूच्या दगडावर बसली आणि तिने हळूच विचारलं, "आणि कपाटातली पुस्तकं?"

"ते तर तुम्ही राखले ना, बाई."

"सगळ्या वर्गाला असंच वाटतं?"

"वाटते काय, गाठच हाय तर." दिव्या पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागली. "लच्छू म्हणे, बाईले चांगले चांगले पायजे, आपल्याले ग्रामपंचायत. मी त्याले म्हटलं, तसं नाई, बाईले खरंच वाचाचे हायत. काल मी तुमाले विचारलं बी. तुम्ही म्हटलं, सगळे वाचतो, पुन्हा पुन्हा वाचतो."

नंदिनीला आधी हसू आलं, मग लाज वाटली, मग पुन्हा हसू आलं. "अगं पण सहा महिने! एकदा तरी कोणी उघडून पाहिलं असेल. दोन पानं?"

"गाठ होती ना, बाई," दिव्या म्हणाली. चोरीचा आळ घेतल्यासारखा तिचा आवाज झाला.

तेव्हा नंदिनीच्या ध्यानात आलं. कपाटाला कुलूप नव्हतं. दर शनिवारी तासभर वर्गात पोरं आणि उघडं कपाट, आणि त्यांना हवी होती तीच पुस्तकं समोर. ज्या पोरांना वाचनाची आवड नाही म्हणून ती रात्री तळमळत होती, ती पोरं सहा महिने त्या पुस्तकांकडे आशेने बघत होती, आणि त्यातल्या एकानेही बोट लावलं नव्हतं.

घरी रुखमाबाईने हे सगळं ऐकलं, आणि हसता हसता तिचा पदर डोळ्यांना गेला. "बाप्पा," ती म्हणाली, "दोन भावांच्या गोष्टीले गाठ मारली, अन् पंचायत मोकळी सोडली मास्तरीण बाईनं." मग ताटात भात वाढता वाढता तिने निकालही देऊन टाकला. "तुम्ही मारली, आता तुम्हीच सोडा. दुसऱ्या कोणाच्या हातानं सुटत नाई ते."

शनिवारपर्यंत थांबणं नंदिनीला शक्य नव्हतं. सोमवारी पहिल्याच तासाला तिने कपाट उघडलं आणि वर्गाला सरळ सांगितलं की मला गाठीचा अर्थ माहीत नव्हता, छान पुस्तक ओळखू यावं म्हणून मी ती मारली होती. मग एकेक पुस्तक हातात घेऊन सगळ्यांसमोर गाठ सोडली. वाळलेलं गवत बोटांत चुरत होतं.

"म्हणजे बाई," लच्छूने शेवटी तोंड उघडलं, "हे सगळं पहिल्या दिवसापासून आमचंच होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"अन् मी ग्रामपंचायत दोनदा वाचली."

त्यानंतर जे झालं त्याला रांग म्हणता येणार नाही. दोन भावांच्या पुस्तकावर दिव्याचा हात सगळ्यात आधी पडला. भुतांच्या गोष्टी लच्छूने छातीशी धरल्या. टपालवाला मागच्या बाकावर गेला. सुरजने गर्दी ओसरू दिली आणि कुक्कुटपालन घेतलं. एक प्रकरण राहिलं होतं म्हणाला.

आठवड्याभरात पोरांनी स्वतःचीच पद्धत बसवली. नंदिनीला विचारलंही नाही. जो वाचतोय त्याने पुस्तकाला हिरव्या गवताची गाठ मारायची. ती असेपर्यंत दुसऱ्याने मागायचं नाही. पण जंगलातली गाठ वर्षभरही राहू शकते, तसं पुस्तकाचं कसं चालणार? यावर मधल्या सुट्टीत हापशीपाशी मोठी बैठक भरली आणि ठरलं: गवत पिवळं झालं की गाठ संपली. मग पुस्तक शनिवारच्या तासाला कपाटात आलं पाहिजे. लच्छूने दुसऱ्या दिवशी आपल्या भुतांच्या गाठीवर गुपचूप पाणी शिंपडलं. ते पकडलं गेलं, आणि त्यावरही एक नियम झाला.

नंदिनी हे सगळं दुरून बघत होती. सरांना जाऊन सांगावं असं तिला एकदोनदा वाटलं. पण बोली झाली होती ती डोळ्यांनी बघायची. ती थांबली.

होळी झाली. मार्चअखेरीस मोहा पडू लागला, आणि मोहा पडू लागला की इकडच्या शाळांचं काय होतं हे इकडच्या प्रत्येक मास्तराला माहीत असतं. फुलं पहाटेपासून पडतात ती ऊन चढेपर्यंत. घरातलं जे माणूस वाकू शकतं ते टोपली घेऊन झाडाखाली जातं. प्रत्येक घराची झाडं ठरलेली.

नेमक्या अशाच एका शनिवारी, सकाळच्या शाळेत, दोनाडकर सर शेवटच्या तासाला नववीच्या दारात येऊन उभे राहिले. वर्गात रस्त्यालगतच्या दुकानदारांची चार पोरं होती. बाकी सगळे बाक रिकामे.

"मुलं कुठी हायत, बाई?"

"मोहा पडून राह्यलाय, सर."

सरांनी मान हलवली. हे त्यांना चालवून घेता आलं असतं. पण त्यांची नजर कपाटाकडे गेली. ते उघडंच होतं, आणि आत ग्रामपंचायत आणि सुंदर हस्ताक्षर सोडून काही नव्हतं.

"अन् पुस्तकं?"

"पोरांकडे."

"म्हणजे पोरंही गेली अन् पुस्तकंही गेली," सर शांतपणे म्हणाले. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. "बाई, मी वाट पाहिली. पुढल्या शनिवारपासून या तासाले मी येतो. आता निदान पुस्तकं तरी जमा करून आणू, मोह्याच्या चिकात खराब व्हायच्या आत. चला, कुठल्या बाजूले हाय ते दाखवा."

सर मोटारसायकलवर, ती मागे स्कुटीवर. वाटेत तिने मनात पुष्कळ वाक्यं जुळवली आणि मोडली. पोरं तिथे काय करत असतील, हे तिलाही माहीत नव्हतं. पुस्तकं नेली होती हे खरं. वाचत होती की टोपलीखाली दाबून ठेवली होती, कोण सांगणार?

रस्ता संपला तिथे गाड्या लावून दोघं चालू लागले. झाडांखालचा पाचोळा जाळून जमीन साफ केलेली, आणि त्यावर पिवळट फुलांचा सडा. मोह्याचा गोड, जड वास. आणि त्या वासातून एक आवाज येत होता. कुणीतरी मोठ्याने, खणखणीत, एका लयीत बोलत होतं.

"'पाण्याचं पिंप गळत होतं. मोठ्या भावानं बोट लावून पाहिलं. आता उद्याचा दिवस निघेल, परवाचा नाही. धाकट्याच्या अंगात ताप होता. तो म्हणाला, दादा, ते बघ, दिवा...'"

सपाट दगडावर दिव्या उभी होती, पुस्तक समोर धरून. आजूबाजूच्या झाडांखाली बायका, म्हातारे, पोरं वाकून फुलं वेचत होती, आणि कुणी बोलत नव्हतं.

"दिवा कुठला, भरम असन त्याले," एक म्हातारा वेचता वेचता म्हणाला.

"त्या मोठ्याले म्हणा, पाणी अगोदर धाकट्याले दे," रुखमाबाई म्हणाली. मग तिला सर दिसले. ती सावकाश उठली. "जोहार, सर. या."

"हे काय चालू आहे, आजी?"

"अस्वल येते ना मोह्याले. आवाज पायजे. अगोदर आम्ही डबा वाजवत होतो, डोकं उठे. आता पोरं पाळीपाळीनं वाचते." तिने पाठ सरळ केली. "अस्वल बी येत नाई, अन् कामाचा टाइम बी जाते. काल लच्छूनं भुताचं वाचलं. अस्वल तर नाई आलं, पण आमची सून बी आज झाडाखाली एकटी येत नाई म्हणे."

लच्छू टोपलीमागे लपला होता, तो उगाच खोकला.

तेवढ्यात दिव्याच्या आईने तिला टोपली रिकामी करायला हाक मारली. दिव्याने सरांना नमस्कार केला, पुस्तक मिटलं, त्यावरचा गवताचा वेढा नीट बसवला आणि पुस्तक दगडावर ठेवून गेली. आता पुढचा आवाज सुरज करणार होता. त्याने शर्टाच्या आतून कुक्कुटपालन काढलं आणि खड्या आवाजात वाचू लागला, "'प्रकरण सहावे. खुडूक कोंबडीची काळजी.'" दोनतीन बायकांनी कान टवकारले.

सर दगडापाशी उभे होते. त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, आणि पुस्तक उचललं. वेढा जरा वर सरकवून ते पान शोधू लागले.

"सर," रुखमाबाई म्हणाली, "ठेवा ते जागेवर."

नंदिनीने तोंड फिरवून पळसाच्या झाडाकडे पाहिलं. हसू आवरायला झाड बरं असतं.

"मी मुख्याध्यापक आहे, आजी."

"असाल बाप्पा. गाठ हाय."

सरांनी गाठीकडे पाहिलं, मग नंदिनीकडे. तिने थोडक्यात सांगितलं: गाठ म्हणजे काय, ती कुणी मारली होती आणि सहा महिने कुणी पाळली होती. सर ऐकत होते, पण पुस्तक हातातून सुटत नव्हतं.

"मले वाचायचं नाही हो," ते शेवटी म्हणाले. "मले फक्त एवढंच पहायचं होतं, तो धाकटा वाचते का."

दिव्या रिकामी टोपली घेऊन परत आली होती. "सांगू, सर?" तिने विचारलं. "माझं मागंच पूर्ण झालं. आता दुसऱ्यांदा, आजीसाठी वाचून राह्यली."

"नको," सर इतक्या घाईने म्हणाले की सुरजचं वाचनही थांबलं. "नको. सांगू नको."

आठ महिने नंदिनी ज्याची वाट बघत होती ते तिला पोरांच्या तोंडावर दिसेल असं वाटलं होतं. ते आधी सरांच्या तोंडावर दिसलं.

"मंग शनिवारी या, सर," दिव्या म्हणाली. "माझी गाठ तवापर्यंत पिवळी होते. पण पुस्तक शनिवारच्या तासालेच बदलते. तास नाई तर कपाट नाई."

सरांनी संशयाने नंदिनीकडे पाहिलं. पढवलंय का? तिने मान हलवली. हे तिच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"अन् बीजगणित?" सरांनी विचारलं. मग स्वतःच उत्तर दिलं. "ते मी प्रार्थनेच्या अगोदर घेतो. अर्धा तास."

"प्रार्थनेच्या अगोदर मोहा असते, सर," लच्छू टोपलीमागून म्हणाला.

"मोहा संपल्यावर, शहाण्या. अन् तू पहिल्या बाकावर." सरांनी पुस्तक दगडावर ठेवलं, वेढा पूर्ववत केला, आणि जरा थांबून विचारलं, "सुरज, ते खुडूक कोंबडीचं काय म्हटलं? आमच्या घरी एक बसली हाय."

पुढच्या शनिवारी सर खरंच आले, आणि पुस्तक घेऊन गेले. गवताची गाठ त्यांना जमेना. शेंड्या तुटत, वेढा घसरे. शेवटी त्यांनी कार्यालयातली फाइल बांधायची लाल फीत काढली आणि तिची घट्ट गाठ मारली. मधल्या सुट्टीत ते पुस्तक त्यांच्या टेबलावर उघडं दिसायचं, आणि त्या वेळी कोणी कार्यालयात गेलं तर सर आधी पानात बोट घालायचे, मग वर बघायचे.

वेळापत्रकाच्या फळ्यावर 'अवांतर वाचन' तसंच राहिलं. पण वर्गात कुरबुर सुरू झाली. एप्रिल लागला, मोहा संपत आला, आणि दोन भावांच्या पुस्तकासाठी सुरज ताटकळत होता. कुक्कुटपालन त्याचं एकदाचं वाचून झालं होतं.

एका शनिवारी दिव्या, सुरज आणि लच्छू कार्यालयाच्या दारात जाऊन उभे राहिले. नंदिनी मागे व्हरांड्यात थांबली. या भानगडीत पडायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

"सर, तुमची गाठ पिवळी होत नाई," दिव्या म्हणाली.

"म्हणजे?"

"फीत हाय ती, सर. लालच राहणार. तिची मुदत कधी संपणार मंग? आमचं गवत आठवड्याभरात वाळते."

सरांनी फितीकडे पाहिलं. आयुष्यभर फायली बांधल्या. हा मुद्दा कुणी काढला नव्हता.

"किती पानं राहिली, सर?" सुरजने अदबीने विचारलं.

"शेवटची थोडी. मुद्दाम ठेवली होती. एकदम संपवू वाटत नाही."

"पण गाठ गवताची पायजे, सर," लच्छू म्हणाला. "नियम सगळ्याइले एक. माझी तर पाणी शिंपडलं म्हणून काढली होती यांनी."

सर उठले. व्हरांड्यातून जाताना त्यांनी नंदिनीकडे बघणं टाळलं. हापशीजवळ उन्हाने बहुतेक गवत गेलं होतं. पाणी सांडतं तिथे कडेला थोडं हिरवं उरलं होतं. सर पँट वर ओढून तिथे उकिडवे बसले आणि लांबसं पातं शोधू लागले. सुरज त्यांच्या शेजारी बसला.

"जास्त हिरवं नका घेऊ, सर," तो म्हणाला. "माझी पाळी हाय मांगं."